लठ्ठ मांजराला मागची बाजू स्वतःला साफ करता येत नाहीये, घरी काय करायचं?

ठमीची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही साताऱ्यात सदर बझारला राहतो, आमच्याकडं ठमी म्हणून मांजर आहे, पर्शियन मिक्स, वय ७, पिल्लं होऊ नयेत म्हणून करतात ते ऑपरेशन झालेलं आहे. तिला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले आणि त्यातून माझं वजन वजा केलं तर तिचं ६.९ किलो भरलं. येणारा जाणारा प्रत्येकजण गुबगुबीत म्हणून कौतुक करतो पण अलीकडं तिला स्वतःची मागची बाजू चाटताच येत नाहीये. बसते, पाय वर करते, मान वळवते, पोट मध्ये येतं, जीभ कशीबशी मांडीपर्यंत जाते आणि मग पाय तसाच वर ठेवून समोर बघत बसते. बघवत नाही हो.

आता झालंय असं की मागच्या पायांच्या आतल्या बाजूला शी चिकटून राहते, शेपटीच्या मुळाशी केस तेलकट झालेत, कमरेवर पांढरा कोंडा दिसतो आणि तिथंच दोन जटा झाल्यात, एक तर चांगली बोटाएवढी. त्यात हा पाऊस, घरातले टॉवेल वाळेनात तिथं मांजर कसं वाळवायचं. सासूबाईंचं म्हणणं तिला हॉलमध्ये घेऊ नको वास येतो, आणि तिला तर सगळ्यांच्या मध्ये बसायची सवय, दाराबाहेर ठेवली की ओरडून जीव काढते.

मला विचारायचंय की अंघोळ घालू का, जटा कात्रीनं कापू का, का सरळ सगळे केसच काढून टाकायचे? आणि वजनासाठी एकांनी सांगितलंय दोन दिवस उपाशी ठेवा आपोआप उतरेल, ते करावं का? खाण्याचं म्हणाल तर ड्राय फूडची वाटी कायम भरलेली असते, सकाळी वाटीभर म्हशीचं दूध, आणि सासरे, म्हणजे अण्णा, चहाच्या वेळी त्यांच्यातला कंदी पेढा देतात तिला. अण्णांना काही बोलायची सोय नाही, ती त्यांच्याच पायाशी असते दिवसभर. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

मिरजकर_काकू
अगं आधी ती कात्री ड्रॉवरमध्ये ठेव बघू. मांजराची कातडी फार पातळ असते आणि जट वर ओढली की तिच्याबरोबर कातडी पण तंबूसारखी वर येते, आपल्याला वाटतं आपण केस कापतोय आणि कापली जाते कातडी. माझ्या नणंदेच्या मांजराला असेच टाके पडले होते, तेव्हापासून आमच्यात कुणी मांजराजवळ कात्री नेत नाही.

जटेचं असं कर. चिमूटभर कॉर्नफ्लोर घे, तेच आपलं स्वयंपाकातलं, जटेत बोटांनी चोळ, केस जरा सुटे होतात. मग एका हाताच्या चिमटीत जटेच्या खालचे केस अगदी कातडीलगत धरून ठेव, म्हणजे ओढ तुझ्या बोटांवर येईल तिच्या अंगावर नाही, आणि दुसऱ्या हातानं स्टीलचा जाड दातांचा कंगवा टोकाकडून थोडा थोडा चालव. मुळापासून ओढायला गेलीस की ती चावणार, आणि चावली तर तिचं काही चुकत नाही. एका बैठकीत सोडवायचा हट्ट धरू नको. तिनं शेपटी आपटायला सुरुवात केली, कान मागं नेले की थांबायचं, हातावर काहीतरी चाटायला द्यायचं, परत संध्याकाळी. बोटाएवढी जी म्हणतेस ती बहुतेक कंगव्यानं सुटायची नाही, त्याला ट्रिमर लागेल, ब्लेड कातडीला सपाट ठेवून, आणि ते पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घे म्हणजे हात कसा धरायचा ते दिसेल.

आणि जटा असताना अंघोळ मुळीच नाही. पाणी लागून वाळली की जट आणखी आवळते, मग खालची कातडी ओढली जाऊन तिला चालताना पण दुखतं.

शीचं सांगते. वाळलेली शी ओढायची नाही. जुन्या सुती साडीचा तुकडा कोमट पाण्यात भिजवून पिळून त्या जागी नुसता धरून ठेवायचा, मऊ झाली की आपोआप निघते. पुसताना शूच्या जागेकडून शेपटीकडं, उलटं कधीच नाही, मादी आहे ना ती, शीचं इन्फेक्शन शूच्या जागेला लागतं. मग दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि मांडीच्या घडीत बोट घालून बघायचं ओल राहिली का. हे रोज, शी करून आली की लगेच. ताजी असताना दोन मिनिटांचं काम आहे, वाळल्यावर अर्धा तास आणि ओरबाडे.

तिला उताणी पाडू नको हं. जाड मांजराच्या पोटाचा भार छातीवर येतो, श्वास घ्यायला जड जातं आणि मग ती घाबरून झटापट करते. उभीच ठेव, नाहीतर कुशीवर, एकानं पुढून छातीखाली हात घालून नुसता आधार द्यायचा आणि दुसऱ्यानं शेपटी हलकेच बाजूला करून पुसायचं. अण्णांना पुढच्या बाजूला बसव, त्यांचंच ऐकते म्हणतेस ना.

कृष्णाकाठचा
ताई मी सांगलीचा, आमच्या घरी पहिल्यापासून मांजरं आहेत. आम्ही काय करतो, कोमट पाण्यात झाकणभर जंतुनाशक टाकायचं, ते पाणी दुधासारखं पांढरं होतं ते, त्यानं मागची बाजू धुवायची, वास पण जातो आणि जंतू पण मरतात. मग खोबरेल तेलाचा हात फिरवायचा की कोंडा जातो, जटा पण सुटतात. कुठं लाल झालं असेल तर हळद लावायची, आपल्या सांगलीची हळद आहे, त्याच्यापुढं क्रीम बिम काही नाही. आणि लहान बाळाचं रॅशचं क्रीम असतं ते पण चालतं, सौम्य असतं. उपाशी ठेवायचं मला पण काही चुकीचं वाटत नाही, गावाकडची मांजरं कुठं रोज खातात, एक दिवस मिळतं एक दिवस नाही.

जनावरांचा_डॉक्टर
कृष्णाकाठ, तुमचा हेतू चांगला आहे याबद्दल शंका नाही, पण कुणी वाचून करायच्या आधी हे लिहिणं भाग आहे. ते पांढरं होणारं जंतुनाशक मांजरांना विषारी आहे. त्यात क्लोरोझायलेनॉल असतं, फिनॉलच्या जातीचं रसायन, आणि मांजराचं लिव्हर ही रसायनं माणसासारखी बाहेर टाकू शकत नाही. मांजर अंगाला लागलेलं सगळं चाटतं, म्हणजे शेवटी ते पोटातच जातं. तोंडाला फोड, लाळ गळणं, थरथर, अशा केसेस येतात. घरात फरशीला फिनेल वापरत असाल तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत मांजर त्या खोलीत नको. बाळाच्या रॅशच्या क्रीममध्ये बहुतेक वेळा झिंक ऑक्साईड असतं, ते पण चाटलं गेलं तर त्रास. खोबरेल तेलानं केसाला धूळ चिकटते, चाटून पोट बिघडतं, आणि पोट बिघडलं की मागची बाजू आणखी घाण, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथंच. हळद घरच्यांसाठी ठेवा, उघड्या लाल कातडीवर कुठलीच पूड नको, ती ओल धरते आणि खाली काय चाललंय ते दिसत पण नाही.

ताई, मी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, आता मुख्यतः कुत्री मांजरंच बघतो. तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न उपाशी ठेवण्याचा आहे म्हणून तो आधी घेतो. ठेवू नका. अजिबात नाही. लठ्ठ मांजराचं खाणं एकदम बंद झालं की शरीर साठवलेली चरबी भराभर लिव्हरकडं पाठवतं, लिव्हरला ती झेपत नाही, ती लिव्हरमध्येच साचते आणि दोन तीन दिवसांच्या उपासात पण मांजर आजारी पडू शकतं, कान हिरड्या पिवळ्या पडतात, मग नळीनं खायला घालून वाचवावं लागतं आणि सगळी वाचत नाहीत. हा धोका जितकं मांजर जाड तितका जास्त. गावाकडच्या सडपातळ मांजराशी ठमीची तुलना इथंच चुकते. तिनं स्वतःहून २४ तास काही खाल्लं नाही तर वाट बघू नका, दाखवून आणा.

वजन हळूहळू उतरवायचं, आठवड्याला शरीराच्या वजनाच्या साधारण एक टक्का. ६.९ किलोला म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास. तिच्या हाडापेरानुसार साडेचार किलो योग्य धरलं तर आठ नऊ महिन्यांचं काम आहे. ऐकायला कंटाळवाणं वाटेल पण हाच वेग सुरक्षित आहे. साडेचार किलोच्या हिशोबानं तिला दिवसाला अंदाजे १७० ते १८० कॅलरी पुरतात. ड्राय फूडच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, पाकिटावर लिहिलेलं असतं बघा, म्हणजे दिवसाचं ४५ ते ५० ग्रॅम झालं. आता त्यात दुधाचं बघा, म्हशीचं दूध १०० मिली म्हणजे शंभर एक कॅलरी, आणि एक बऱ्यापैकी पेढा म्हणजे जवळपास तेवढ्याच. म्हणजे नुसतं दूध आणि पेढा यातच तिचा दिवसभराचा कोटा संपून वर थोडं जास्तच झालं, आणि वाटी अजून भरलेलीच आहे. शिवाय बऱ्याच मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, शी पातळ होते, आणि पातळ शीच केसांना चिकटते. दूध बंद केल्यावर निम्मा प्रश्न तिथंच सुटला असं मी कितीतरी घरांत बघितलंय. पण आजची भरलेली वाटी उद्यापासून ५० ग्रॅमवर आणू नका, आठ दहा दिवसांत थोडं थोडं कमी करत या, आणि सुरू करायच्या आधी एकदा तपासून घ्या.

तपासणी का म्हणतो तर चाटता न येण्याचं कारण नुसतं पोट नसतं प्रत्येकवेळी. वयानुसार सांधे दुखत असतात आणि मांजर ते दाखवत नाही. आधी जिथं उडी मारायची तिथं आता मारत नाही का, कमरेवर हात ठेवला की कातडी थरथरते का, जिना थांबत थांबत चढते का, हे बघून डॉक्टरांना सांगा. पाणी फार प्यायला लागली असेल आणि ट्रेमधल्या मातीत शूचे गोळे मोठे होत असतील तर साखर तपासायला सांगा, लठ्ठ मांजरांत डायबेटिस होतो. आणि दुखतंय वाटलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, एक गोळी पण मांजराचा जीव घेते, हे मी प्रत्येक ठिकाणी लिहितो कारण दरवर्षी कुणीतरी देतंच.

सगळे केस काढायचं म्हणाल तर गरज नाही. त्याला बहुतेक भूल द्यावी लागते आणि एवढ्या वजनात भुलीचा धोका वाढतो. त्याऐवजी फक्त शेपटीखालचे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस ट्रिमरनं बारीक करून घ्या, बऱ्याच मांजरांचं भुलीशिवाय होतं. चिकटायला केसच राहिले नाहीत की पुसायचं काम सोपं. पावसाळ्यात हे फारच गरजेचं आहे. ओल्या घाणीवर माश्या अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या पडू शकतात, वरून केसांमुळं काही दिसत नाही, नुसता कुजका वास येतो आणि मांजर कोपऱ्यात जाऊन बसतं. असं काही वाटलं तर त्याच दिवशी या, रात्र काढू नका.

कृष्णाकाठचा
डॉक्टर तुम्ही सांगितलं ते बरं झालं, आमच्याकडं वडिलांच्या काळापासून तेच चालत आलेलं. आमच्या बोक्याला काही झालं नाही आजवर पण आता बंद करतो. एक विचारतो, मग धुवायचं कशानं? नुसत्या पाण्यानं वास जात नाही.

जनावरांचा_डॉक्टर
रोजच्याला नुसतं कोमट पाणी बास. वास पाण्यामुळं राहत नाही, मागं राहिलेल्या घाणीमुळं आणि ओलीमुळं राहतो. फारच भरलं असेल तर मांजरांसाठीचा शाम्पू, तो पण फक्त तेवढ्या भागाला, आणि तीन चार वेळा पाण्यानं काढायचा. माणसांचा नको, कुत्र्यांचा पिसवांचा शाम्पू किंवा पावडर तर नकोच नको, त्यात परमेथ्रिन असलं तर मांजराला फिट्स येतात. वेट वाइप्स घ्यायचे तर बिनवासाचे. टी ट्री ऑइल वगैरे घातलेलं नैसर्गिक म्हणून विकतात, ते पण मांजरांना चालत नाही.

बोका_प्रेमी_विश्रामबाग
सगळ्यांनी चांगलं सांगितलंय, दोन गोष्टी राहिल्यात म्हणून लिहितोय. तिचा शी-शूचा ट्रे कसला आहे तो बघा. आमचा गब्रू पण साडेसहा किलोचा होता, ट्रे लहान, त्यात त्याला धड वळताच यायचं नाही, मागचा भाग कडेला टेकायचा आणि तिथंच सगळं माखायचं. आम्हाला वाटायचं तो गबाळा झालाय. मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी ट्रे पाहिजे. दुकानात तेवढा मोठा मिळेना म्हणून भांड्यांच्या दुकानातून अंथरूण भिजवायचा चौकोनी प्लॅस्टिक टब आणला, एका बाजूची कड चार बोटं ठेवून कापली आणि कापलेल्या जागी जाड टेप लावली म्हणजे पायाला लागत नाही. आत जायला सोपं, तीन बाजूंनी उंच त्यामुळं माती बाहेर उडत नाही. फरक लगेच दिसला. आणि शी केली की लगेच उचलायची, परत गेल्यावर ती त्यावरच बसते.

दुसरं म्हणजे नखं. जाड मांजर फारसं ओरबाडत नाही, चढत नाही, त्यामुळं नखं झिजत नाहीत, वाकून पंजाच्या गादीत घुसतात. गब्रू लंगडत होता तर आम्ही पायाला काही लागलं म्हणून बघत होतो, आणि निघालं नख, अंगठ्याचं, आतल्या बाजूला वरती असतं ते. खिडकीजवळ उजेडात पंजा हलका दाबा, नख बाहेर येतं, आत गुलाबी रेघ दिसते ती रक्ताची शीर, तिला सोडून फक्त पुढचं पांढरं टोक कापायचं. एका वेळी दोन नखं झाली तरी चालेल.

आणि ताई एक मनापासून सांगतो, तिला हॉलबाहेर ठेवू नका. मांजराला स्वतः घाण राहायला आवडत नाही, तिला पोचत नाहीये एवढंच आहे. आता तिच्या जिभेचं काम काही महिने आपल्याला करायचंय. गब्रू उतरला तसा एक दिवस पाय वर करून बिनधास्त चाटत बसलेला दिसला, आम्ही घरातले सगळे गोळा होऊन बघत होतो.

ठमीची_आई
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. मध्ये लिहायचं राहिलं कारण इकडं बरीच उलथापालथ झाली. ठमीला दाखवून आणलं, डॉक्टरांनी मोठी जट ट्रिमरनं काढली, खाली कातडी लाल होती पण जखम नव्हती. शेपटीखालचे केस पण बारीक केले, भूल लागली नाही, अण्णा समोर बसून तिच्याशी बोलत होते. साखर नॉर्मल आली. कमरेत थोडं आखडलेलं आहे म्हणाले, त्याचं औषध दिलंय.

दूध बंद केल्यावर शी खरंच घट्ट झाली. पेढ्याचं अवघड होतं. मी बोलले नाही, डॉक्टरांनीच अण्णांना कॅलरीचा हिशोब सांगितला, तर अण्णा घरी येईपर्यंत गप्प होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मागून घेतला. आता तिचं दिवसाचं खाणं तेच मोजून एका डबीत भरतात, चहाच्या वेळी त्या डबीतलेच चार दाणे एकेक करून लांब टाकतात आणि ती पळत जाऊन खाते, म्हणजे पळत म्हणजे तिच्या मानानं पळत. सासूबाईंनी जुन्या लुगड्याचे तुकडे करून धुऊन घडी घालून ठेवलेत फक्त ठमीसाठी, म्हणजे हॉलचा प्रश्न मिटला. वजन ६.७ झालंय.

आता एकच विचारायचंय. कोंडा कमी झालाय पण शेपटीच्या वर एका जागी गोल रुपयाएवढे केस गेलेत आणि कडेला खवले आहेत. हे जटेमुळं का काही वेगळं? माझ्या मुलीच्या हातावर पण एक लालसर गोल आलंय.

जनावरांचा_डॉक्टर
वजन छान चाललंय, याच वेगानं जाऊ द्या, अण्णांना सांगा घाई नको. गोल चट्टा आणि मुलीच्या हातावर पण म्हणजे बुरशी, नायटा असायची शक्यता बरीच आहे, लांब केसांच्या मांजरांत पावसाळ्यात दिसतो आणि माणसांना लागतो. त्याच डॉक्टरांकडं जाऊन केस आणि खवले तपासायला द्या, आणि मुलीला कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, मांजर घरात आहे हे त्यांना सांगा. मेडिकलमधनं स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून दोघींना लावू नका, त्यानं वरवर बरं दिसतं आणि आतून पसरतं. तोपर्यंत पुसताना हातमोजे घाला, तिला पुसायचे कपडे गरम पाण्यात वेगळे धुवा, तिचा कंगवा दुसऱ्या कुठल्या मांजराला नको, आणि मुलीनं थोडे दिवस तिला उशाशी घेऊन झोपायचं नाही. औषध सुरू झालं की बरं होतं, घाबरायचं कारण नाही, पण मधेच सोडू नका, डॉक्टर थांबवा म्हणेपर्यंत चालू ठेवा.

मिरजकर_काकू
आणि तिनं झोपायची चादर, गादी, उशी यांच्यावरचे केस पण गोळा करून टाक गं, झाडूनं उडवू नको, ओल्या फडक्यानं पुसून घे. आमच्याकडं तेवढ्यासाठीच परत परत यायचं.

ठमीची_आई
हो काकू, आजच करते. उद्या दोघींना घेऊन जाते.